वजन वाढवण्यासाठी प्रथिनयुक्त आहार: मराठवाड्याच्या ताटाची नवी मांडणी

‘खाल्लेले अंगी लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या व्यक्तीचे ताट नीट पाहिले, तर त्यात बहुधा दोन भाकरी, तळ दिसेल इतके पातळ वरण, थोडी भाजी आणि चिमूटभर चटणी एवढेच आढळते. पोट भरते, परंतु दिवसभराची बेरीज मांडली की प्रथिने आणि उष्मांक दोन्ही कमी पडतात. अशा वेळी अनेक जण महागड्या प्रथिन-पावडरीच्या डब्याकडे वळतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, मराठवाड्यातील घराला त्या डब्याची गरज क्वचितच पडते. तूर, हरभरा, सोयाबीन आणि दूध-दुभते जिथे घरचे किंवा गावचे असते, तिथे ताटातील प्रमाण बदलणे हाच सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

आधी गरज किती आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला रोज दर किलो वजनामागे सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 55 किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण 46 ग्रॅम पुरतात. व्यायामासह वजन वाढवू पाहणाऱ्याने मात्र दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम, म्हणजे 66 ते 88 ग्रॅमपर्यंतचे उद्दिष्ट ठेवावे. त्यासोबत नेहमीच्या जेवणापेक्षा रोज 300 ते 500 उष्मांक अधिक मिळायला हवेत. हे दुसरे गणित बरेच जण विसरतात. एकूण जेवणच अपुरे असेल, तर शरीर प्रथिनेही इंधनासारखी वापरून टाकते आणि स्नायू बांधायला फारसे काही उरत नाही. म्हणून डाळ वाढवायची, पण भाकरी आणि त्यावरचे तूप कमी करायचे नाही.

सुरुवात वरणापासून करावी. तुरीच्या 100 ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. मात्र चार माणसांच्या वरणाला मूठभर डाळ आणि तांब्याभर पाणी घातले, तर एकाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार ग्रॅम येतात. वजन वाढवणाऱ्या व्यक्तीसाठी एका जेवणाला 50 ग्रॅम कोरडी डाळ मोजून धरावी आणि वरण घट्ट ठेवावे. निलंगा तालुक्यातील बोरसुरीची डाळ मिळाली तर उत्तमच, पण घरची कोणतीही तूर डाळ चालते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मिथिओनिन कमी असते आणि धान्य ती उणीव भरून काढते. त्यामुळे वरण-भाकरी एकत्र खाल्ल्याने दोन्हींचे प्रथिन शरीराला अधिक उपयोगी पडते. रोज वरणाचा कंटाळा येत असेल, तर वरणफळे करावीत, पालकाच्या किंवा मेथीच्या गरगट्ट्यात डाळ दुप्पट घालावी, धपाट्यांच्या पिठात बेसन आणि तीळ सढळ हाताने मिसळून ते दह्याबरोबर खावेत. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडे शेतात जी भज्जी खाल्ली जाते, तिच्यात ओला हरभरा, तुरीचे व वालाचे दाणे आणि बेसन एकत्र येतात. इतका चांगला पदार्थ वर्षातून एकदाच व्हावा याचे मला मनापासून वाईट वाटते. हिवाळ्यात हे दाणे मिळतात तोवर तो आठवड्यातून एकदा तरी करावा.

ज्याला भूक कमी लागते, त्याने शेंगदाण्यांवर भर द्यावा. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने आणि साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. कमी खाण्यात इतके पोषण देणारा आणि इतका परवडणारा दुसरा पदार्थ आपल्याकडे नाही. भाजीत कूट, भाकरीबरोबर चटणी आणि संध्याकाळी गुळाचा लाडू, अशा रीतीने दिवसात 60-70 ग्रॅम दाणे सहज पोटात जातात. दाणे निवडताना मात्र हयगय करू नये. बुरशी आलेल्या, काळवंडलेल्या किंवा कडू लागणाऱ्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असलेले विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. असे दाणे टाकूनच द्यावेत.

न्याहारीसाठी सुशीला हा आपला घरोघरचा पदार्थ थोड्या बदलाने फार उपयोगी ठरतो. मुरमुरे जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतात, त्यामुळे प्रथिने वरून घालावी लागतात. 50 ग्रॅम मुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळून घ्यावेत. तेलात मोहरी, जिरे, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि कांदा परतताना 30 ग्रॅम शेंगदाणे घालावेत आणि ते खमंग होईपर्यंत थांबावे. हळद-मीठ घालून मुरमुरे मिसळल्यावर दोन मोठे चमचे डाळव्याचे (भाजलेल्या हरभरा डाळीचे) कूट वरून भुरभुरावे. हे कूट मुरमुऱ्यांतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे सुशीला गिच्च होत नाही. कोथिंबीर आणि लिंबू नेहमीप्रमाणे. अशा एका ताटलीतून सुमारे 15 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि त्यात मोड आलेली वाफवलेली मटकी घातली तर आणखी वाढतात.

आता सोयाबीनबद्दल थोडे सविस्तर लिहितो. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली या भागांत सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक आहे, तरीही ते थेट मोंढ्यावर जाते आणि घरात त्याचे तेलच येते. वास्तविक कोरड्या सोयाबीनमध्ये वजनाच्या 36 ते 40 टक्के प्रथिने असतात, म्हणजे डाळींच्या दीडपटीहून अधिक. ते कच्चे दळून मात्र कधीही खाऊ नये, कारण कच्च्या दाण्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. दाणे निवडून उकळत्या पाण्यात 20 ते 25 मिनिटे शिजवावेत, निथळून कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणावेत. दिवसाला 200 ग्रॅम पीठ खाणाऱ्याला एवढ्यानेच सुमारे 5 ग्रॅम प्रथिने जास्त मिळतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही. या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर खवट होते. पंधरा दिवसांपुरतेच दळावे. शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी: पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे उरले तरी ते स्वयंपाकघरात येता कामा नये, धुऊनसुद्धा नाही.

एवढा खटाटोप शक्य नसेल, तर बाजारात मिळणाऱ्या सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. तेल काढून घेतलेल्या पिठापासून त्या तयार होत असल्याने त्यांत प्रथिनांचे प्रमाण 50 टक्क्यांच्या वर असते. 30 ग्रॅम कोरड्या वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून घट्ट पिळाव्यात आणि काळ्या मसाल्याच्या किंवा येसराच्या (भाजलेली धान्ये, डाळी व मसाल्यांच्या पुडीच्या) रश्शात शिजवाव्यात. त्यांना स्वतःची चव नसते, त्यामुळे रस्सा झणझणीत हवा.

म्हशीच्या पाव लिटर दुधातून सुमारे 9 ग्रॅम प्रथिने आणि चांगले उष्मांक मिळतात. दूध पचत नसेल तर दही बहुतेकांना चालते. घरी पनीर केल्यास उरलेले पाणी फेकू नये, त्यात कणीक मळावी. अंडे खाणाऱ्यांचे काम सोपे आहे: एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिने असतात, पिवळा बलक काढून टाकण्याचे कारण नाही, आणि गावरान अंड्यात व पोल्ट्रीच्या अंड्यात प्रथिनांच्या दृष्टीने मोठा फरक नसतो. कोंबडी किंवा नाथसागराची मासळी आठवड्यातून दोन-तीनदा परवडत असेल, तर त्या दिवशी सोयाबीनची गरज नाही.

55 किलो वजनाच्या शाकाहारी व्यक्तीचा दिवस असा मांडता येईल. सकाळी वर सांगितलेली सुशीला आणि पाव लिटर दूध. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, 50 ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, त्यावर तूप आणि वाटीभर दही. संध्याकाळी 40 ग्रॅम दाण्यांचा गुळातला लाडू. रात्री एक भाकरी आणि सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा. ही बेरीज 85 ग्रॅमच्या आसपास जाते. पहिल्याच आठवड्यात एवढे सगळे खाऊ नये, पोट फुगते. दर चार-पाच दिवसांनी एक पदार्थ वाढवावा, कडधान्ये रात्रभर भिजवून, मोड आणून शिजवावीत आणि जेवणाच्या तोंडावर चहा घेणे थांबवावे, कारण त्याने भूक मरते आणि अन्नातील लोहही नीट शोषले जात नाही. उन्हाळ्यात दुपारचे जेवण जात नाही, तेव्हा सकाळी लवकर आणि दिवेलागणीनंतर भरपेट खावे.

आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करणे आवश्यक आहे. त्यावाचून वाढलेले वजन मुख्यतः पोटावर चरबी होऊन बसते. दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करून लिहून ठेवावे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही योग्य गती आहे. तीन आठवड्यांत काटा हललाच नाही, तर रोज आणखी एक लाडू आणि रात्री पेलाभर दूध वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा वाढलेले यूरिक ॲसिड असणाऱ्यांनी हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि वजन मुळातच काही कारण नसताना उतरत असेल, सोबत संध्याकाळचा ताप, लांबलेला खोकला, वारंवार लघवी किंवा छातीत धडधड असेल, तर आहार बदलण्याआधी क्षयरोग, मधुमेह आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्याव्यात. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.