यवतेश्वरचा उतार फुकट नसतो, आणि पळणाऱ्यांच्या बाकी चुका

सातारा हिल हाफ मॅरेथॉन रविवारी होते आणि माझा फोन मंगळवारी वाजायला लागतो. सोमवारी नाही, मंगळवारी. सोमवारी सगळे मेडल गळ्यात घालून फोटो टाकण्यात दंग असतात. मंगळवारी मांड्या बोलायला लागतात. "काका, जिना उतरता येत नाहीये, काही झालं तर नसेल ना?" झालंय बाबा. तू यवतेश्वर घाट धावत सुटलास, ते झालंय.

मी कोच वगैरे नाही. बँकेत नोकरी करतो, साताऱ्यात राहतो, आणि घाट घराजवळ असल्यामुळे पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तिकडे जातो. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली, मी तिच्यात २०१४ पासून आहे. दहाबारा वर्षं तेच प्रश्न, त्याच चुका. माणसं बदलतात, चुका बदलत नाहीत. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या मंगळवारी नुसतं हे पाठवून देईन.

उतार म्हणजे बोनस, असं समजणं

ज्यांनी मार्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, गावातून समर्थ मंदिराकडे यायचं, तिथून पुढे घाट चढत यवतेश्वर ओलांडून कासच्या रस्त्याला लागायचं आणि साडेदहा किलोमीटरला वळून त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे एकवीस किलोमीटरचा हिशोब सरळ आहे, अर्धं वर, अर्धं खाली.

आता गंमत बघा. पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक जण चढाची तयारी करून येतो. सिंहगड घाट, बोपदेव, पारसिक हिल, सगळं करून येतो. पण सिंहगड चढून झाला की खाली कसा येतो? मित्राच्या गाडीत, पोटात गरम भजी घेऊन. उताराचा सराव शून्य. आणि डोक्यात गणित काय, तर चढात गेलेली पंधरा मिनिटं उतारात भरून काढू.

मीही हेच गणित मांडलं होतं, २०१४ ला. चढ शहाण्यासारखा चढलो, दम लागला तिथे चाललो, धुक्यात पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. वळण घेतलं आणि मग मात्र शहाणपण संपलं. यवतेश्वरच्या खाली रस्ता असा काही ओढून घेतो की पाय आपले राहत नाहीत. चढात मला मागे टाकून गेलेले लोक मी एकेक करून मागे टाकत होतो, हात पसरून, टाचा आपटत, लहान पोरासारखा. साताऱ्याची घरं आणि अजिंक्यतारा दिसायला लागला तेव्हा वाटलं, आज दोन तासांच्या आत येतोय.

समर्थ मंदिराच्या अलीकडे उजवी मांडी एकदम दगड झाली. मग डावी. रस्ता सपाट झाला आणि पाय उचलेचनात. एक आजी दारात उभ्या राहून सगळ्यांना टाळ्या वाजवत होत्या. माझ्याकडे बघून टाळ्या थांबवल्या आणि म्हणाल्या, "बस की रं जरा." बसलो नाही, कारण बसलो असतो तर उठलो नसतो. उरलेलं अंतर चालत, खांब धरत धरत संपवलं.

खरी मजा मंगळवारी. आमची शाखा तेव्हा पहिल्या मजल्यावर होती. चढून गेलो कसाबसा. दुपारी चहाला खाली जायचं तर पहिल्या पायरीवरच मांड्यांनी जवाब दिला. शेवटी कठडा दोन्ही हातांनी धरून उलटा उतरलो, तोंड जिन्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. आमचा शिपाई खालून बघत होता. म्हणाला, "साहेब, काय पडलंय का वर?"

हे का होतं ते एकदा समजून घ्या. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक मारतो. या ब्रेक मारण्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते. दम अजिबात लागत नाही, म्हणून कळत नाही. दुखणं एक-दोन दिवसांनी चढतं, म्हणून तर माझा फोन मंगळवारी वाजतो.

पण याच स्नायूची एक चांगली सवय आहे. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच मार त्याला कमी लागतो. म्हणून मी उताराची लस टोचून घेतो. शर्यतीआधीच्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा घाट फक्त उतरण्यासाठी जातो. चक्क रिक्षाने किंवा एसटीने वर जातो आणि पळत खाली येतो. पहिल्यांदा तीन किलोमीटर, मग चार, मग सहा. शेवटचा डोस शर्यतीच्या अडीच-तीन आठवडे आधी, त्यानंतर नाही. चढून जाऊन मग उतरावं असं पुस्तकी लोक म्हणतील, त्यांनी तसं करावं. मला सहाला निघून नऊला आंघोळ करून कामावर जायचं असतं.

आणि उतरायचं कसं, तर पावलं लहान आणि भराभर, गुडघे किंचित वाकलेले, पाय शरीराच्या पुढे नाही, खाली पडला पाहिजे. आवाज ऐका. चप्पल आपटल्यासारखा फाट्‌फाट्‌ आवाज येत असेल तर तुम्ही ब्रेक मारताय.

बारा आठवडे सहात बसवणं

ही गोष्ट माझ्या भाच्याची. हिंजवडीला नोकरी, वय एकोणतीस, अंगात हौस भरपूर. नोंदणी सुरू झाली त्या दिवशी पहिल्या तासात नाव घातलं. मग जूनपर्यंत फक्त शूजची माहिती वाचली. जुलैच्या मध्यावर मला फोन, "मामा, ॲपवर बारा आठवड्यांचा प्लॅन आहे, मी तो सहा आठवड्यांत ॲडजस्ट केलाय."

"ॲडजस्ट म्हणजे?"

"एक आठवडा सोडून एक घेतलाय."

मला वाटलं चेष्टा करतोय. खरंच केलं होतं त्याने. पहिला आठवडा, मग तिसरा, मग पाचवा. वरचा मजला बांधायचा आणि मधल्या विटा पुढच्या वर्षी, असा तो प्रकार. मी सांगितलं की यंदा सोड, दहा किलोमीटर आरामात पळ, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणाला, "दम लागत नाहीये मामा, सहज होतंय."

तिथेच तर फसतात सगळे. दम चार-पाच आठवड्यांत सुधारतो. हृदय, फुप्फुसं ही हुशार पोरं, लवकर शिकतात. हाडं आणि पोटरी-टाचेच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) ही सरकारी कामासारखी, त्यांना महिने लागतात. दम म्हणतो चल, नडगी म्हणते थांब, आणि नडगीचं कोणी ऐकत नाही.

चौथ्या आठवड्यात त्याची डावी नडगी दुखायला लागली. त्याने स्प्रे मारला आणि रविवारी चौदा किलोमीटर पळला. पुढच्या आठवड्यात चालतानाही दुखायला लागलं. मी गेलो तेव्हा त्याला सांगितलं, एका बोटाने दाबत खाली ये. एका जागी आला आणि ओरडलाच. हे लक्षात ठेवा: नडगीच्या कडेने सगळीकडे ठसठसत असेल तर बऱ्याचदा थोड्या विश्रांतीने भागतं. पण एकाच नाण्याएवढ्या जागी, हाडावरच, बोट ठेवता येईल असं दुखत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून परत पळायला लागू नका, कारण हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेत दिसत नाही. त्याची एमआरआयमध्ये दिसली. शर्यतीच्या दिवशी त्याचा बिब (छातीवर लावायचा नंबर) कपाटात होता आणि तो खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला केळी वाटत होता.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये, असं सगळे सांगतात. अंदाजापुरतं ठीक आहे. माझी सवय वेगळी: तीन आठवडे थोडं थोडं वाढवतो, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करतो, जवळपास तीसेक टक्के. त्या आठवड्यात घरचे खूश असतात. आणि आठवड्यातल्या बहुतेक धावा इतक्या सावकाश करतो की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. सावकाश पळायची नव्यांना लाज वाटते. ओळखीचं कोणी स्कूटरवरून जाताना दिसलं की वेग वाढवतात. मी स्वतः पाहिलंय.

घाटात घड्याळाकडे बघणं

वळणावळणांच्या रस्त्यावर घड्याळातला वेग माकडासारखा उड्या मारतो. घाट श्वासावर चढायचा. एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चाला. चालणं पाप नाही, माझ्या सगळ्यात चांगल्या वेळेत मी घाटात निदान दहा वेळा चाललो होतो. चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल, हे सुरुवातीपासून धरलं तर शेवटी पळणारेही मागे पडतात.

गोळी खाऊन उभं राहणं

यावर मला राग येतो, म्हणून थोडं सविस्तर. सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून, "काही दुखू नये म्हणून" वेदनाशामक गोळी घेणारे लोक दरवर्षी दिसतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या. दोन-तीन तास घाम गाळताना शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं, आणि ही गोळी त्यातच भर घालते. पोटाचं वेगळंच. शिवाय दुखणं हा निरोप आहे, निरोप्याला कोंडून ठेवलं म्हणून घरची बातमी बदलत नाही. गोळीशिवाय पळता येत नसेल तर त्या दिवशी केळी वाटायला या, माणसं कमीच पडतात.

बाकीच्या, पटकन

नवे शूज शर्यतीला नाहीत. नवे मोजे, नवा टीशर्टही नाही. मिळालेला टीशर्ट पळून झाल्यावर घालायचा असतो.

पावसाळ्यात शूज वाळत नाहीत, म्हणून गॅसजवळ ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. आतलं पॅड काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. जुन्या पेपरचा आमच्या घरी उरलेला तेवढाच उपयोग.

पायाची नखं दोन दिवस आधी कापा. उतारात बोटं शूजच्या पुढच्या भागावर आपटतात, नख काळं पडतं. नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकापर्यंत घट्ट बांधली तर पाय पुढे सरकत नाही.

काखेत, मांड्यांत, आणि पुरुषांनी छातीवर व्हॅसलीन लावा. पावसात भिजलेला टीशर्ट दीड तासानंतर काय करतो ते आंघोळीच्या वेळी कळतं.

प्रत्येक टेबलावर पाणी प्यायलाच हवं असं नाही. धुक्यात, गारव्यात तहानेपुरतं घोट घोट प्या. पोट डबडबेपर्यंत नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच वाईट. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. लिटरचं पाकीट ग्लासात ओतून "स्ट्राँग" करणाऱ्यांनी शौचालयाची रांग आधी बघून ठेवावी.

आदल्या रात्री मिसळ नको. साताऱ्यात आलात, मोह होणार, मला मान्य आहे. कंदी पेढे रविवारी दुपारी, हवे तेवढे.

प्लास्टिकचा रेनकोट घालून पळू नका, आतून जास्त भिजाल.

पुढच्या रांगेत घुसू नका. आणि घाटाच्या वळणावर मधेच थांबून सेल्फी काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, कडेला व्हा. मागून उताराला आलेला माणूस थांबू शकत नाही.

रेषा ओलांडली की धपकन खाली बसू नका. दहा मिनिटं चाला, कोरडा टीशर्ट घाला, मग बसा. मंगळवारी दुखेलच, पण कमी.

भाच्याचं हाड जुळलं. यंदा त्याने मार्चपासून सुरुवात केली, एकही आठवडा न गाळता, आणि वहीत लिहून ठेवतोय. वही मला दाखवतो, शाळेत दाखवायचा तशी. येत्या रविवारी उताराच्या पहिल्या डोससाठी येतोय, समर्थ मंदिरापाशी पहाटे साडेपाचला भेटायचं ठरलंय. काल फोनवर म्हणाला, "मामा, नवे शूज घेतलेत." जुने घालून ये म्हटलं.