साठीनंतर, बीपीची गोळी चालू असताना व्यायाम कसा सुरू करावा

बीपीची गोळी सुरू झाली की दोन सल्ले हमखास मिळतात: मीठ कमी करा आणि चालायला जा. किती चालायचं, किती वेगानं, आकडा किती असेल तर घरीच थांबायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग काही जण रोज बागेत जातात, पण रमतगमत एक फेरी मारून बाकावर बसतात. काही जण भीतीपोटी घराबाहेरच पडत नाहीत. दोघांचंही नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

वय वाढतं तशा मोठ्या रोहिण्या ताठर होतात. म्हणून उतारवयात बहुतेकांचा वरचा आकडा चढतो आणि खालचा तिथेच राहतो किंवा थोडा उतरतोही. थोडा दम लागेल अशा व्यायामानं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून त्यांना सैलावणारी द्रव्यं सुटतात, आणि नियमित व्यायामानं त्यांना आवळून धरणाऱ्या मज्जासंस्थेचा जोरही कमी होतो. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नियमित व्यायामानं साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. एका वेळच्या व्यायामानंतरही दाब काही तास थोडा खाली राहतो. रविवारी एकदम दोन तास चालण्यापेक्षा आठवडाभर थोडं थोडं चालणं बरं, ते यासाठीच. व्यायाम सोडला की हा फायदा काही आठवड्यांतच ओसरतो.

पहिली पायरी: गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा

छातीत दुखतं, चालताना धाप लागते, कधी चक्कर येऊन पडला आहात, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. बाकीच्यांनीही एकदा विचारावं, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. व्यायाम कसा करायचा हे बरंचसं त्या गोळ्यांवर ठरतं.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. त्या चालू असतील तर घड्याळात दिसणाऱ्या ठोक्यांवरून व्यायामाचा जोर ठरवू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी घामासोबत लवकर कमी होतं. पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभं राहताना दाब अचानक उतरू शकतो. ही गोळी अनेकदा दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली असते, त्यामुळे बीपीच्या डॉक्टरांना ती माहीतच नसते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर उपाशीपोटी चालू नका आणि खिशात साखर ठेवा.

दुसरी पायरी: आधी आठवडाभर बीपी नीट मोजा

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि धावपळ नको. लघवीला जाऊन या. पाठीला टेकू देऊन, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं न बोलता बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला असू द्या. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. असं सकाळी आणि संध्याकाळी करा. घरी मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर दाब वाढलेला आहे असं धरतात.

एक मोजणी उभं राहूनही करा. ज्येष्ठांसाठी ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बसून मोजल्यावर उभे राहा आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशांनी व्यायाम करताना भिंतीचा किंवा माणसाचा आधार जवळ ठेवावा.

वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नको. शांत बसून थोड्या वेळानं पुन्हा मोजा आणि तसाच राहिला तर डॉक्टरांना कळवा. त्यासोबत छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

तिसरी पायरी: चालणं

पहिल्या आठवड्यात खऱ्या चालण्याची दहा मिनिटं पुरेत. त्याआधी पाच मिनिटं हळू चाला आणि नंतरही पाच मिनिटं हळू चाला. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. जागतिक आरोग्य संघटनेचा ज्येष्ठांसाठीचा सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा आहे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. गुडघे दुखत असतील तर सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटंही चालतात.

वेग ओळखायची सोपी खूण अशी: शेजारच्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सहज म्हणता येत असेल तर वेग वाढवा. एक वाक्य पुरं करतानाही श्वास तुटत असेल तर कमी करा. मित्रमंडळींच्या घोळक्यात वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या बरोबरीनं उतरतो. सोबत सोडू नका, पण मधली पंधरा-वीस मिनिटं आपल्या वेगानं चाला आणि गप्पा शेवटच्या हळू फेरीत मारा.

ती शेवटची हळू फेरी चुकवू नका. चालताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायांतच साचतं, दाब झपकन उतरतो आणि गरगरतं. त्यात बीपीची गोळी आपलं काम करत असतेच. चालून आल्या आल्या गरम पाण्याची अंघोळही नको, थोडा वेळ जाऊ द्या.

चौथी पायरी: पायांत ताकद

आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम चालण्यापाशीच संपतो. वजन उचलायचं म्हटलं की बीपीवाले घाबरतात, पण हलका ताकदीचा व्यायाम दाब उतरवायला मदतच करतो आणि पडण्यापासूनही वाचवतो. आठवड्यातून दोन दिवस पुरेत.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर बसा आणि हातांचा आधार शक्य तितका कमी घेत उभे राहा. असं आठ-दहा वेळा करा. मग ओट्याला धरून टाचा उचला. मग भिंतीला तळवे लावून, कोपर वाकवून छाती भिंतीजवळ न्या आणि परत ढकला. प्रत्येकाचे आठ-दहा, जमेल तसे दोन वेळा. याची सवय झाली की भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडेच वाकवून, पंधरा-वीस सेकंद तसंच राहायचा सराव करा. स्थिर धरून ठेवायच्या अशा व्यायामांचा बीपीवर चांगला परिणाम अभ्यासांत दिसला आहे. गुडघ्यांना झेपत नसेल तर हा सोडून द्या.

श्वास रोखू नका. जोर लावताना श्वास सोडा. लक्षात राहत नसेल तर मोठ्यानं आकडे मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही. श्वास कोंडून दोन्ही पायांनी जड वजन ढकलणाऱ्या तरुण व्यायामपटूंच्या रोहिणीत थेट मोजलेला दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेलेला नोंदला गेला आहे. पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, जाम झालेली खिडकी, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

तोल सांभाळायचा सरावही आठवड्यातून तीनदा करा: ओट्याजवळ उभं राहून एक पाय उचलणं, किंवा टाचेला चवडा लावत एका रेषेत चालणं.

योगासनं करत असाल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन टाळा. जोरात केलेली कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभकही नको. श्वास न कोंडता केलेलं अनुलोम-विलोम चांगलं. सूर्यनमस्कारात डोकं सारखं खाली-वर होतं, त्यामुळे ज्यांना गरगरतं त्यांनी ते सोडावेत.

ऋतूप्रमाणे बदल

थंडीत रक्तवाहिन्या आवळतात आणि पहाटे दाब तसाही चढता असतो. डिसेंबरात पुण्या-नाशिककडे अंधारात बाहेर पडण्याऐवजी ऊन आल्यावर जा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात सकाळी सातच्या आत आटपा, आणि लघवीची गोळी घेत असाल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यापेक्षा घरातल्या घरात किंवा इमारतीच्या व्हरांड्यात चाला. चालून आल्यावर रोज मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएस घेऊ नका. कमी केलेलं मीठ त्या वाटेनं परत येतं.

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, धडधड, अंधारी यांपैकी काहीही झालं की लगेच थांबा. पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही तर १०८. ओसरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

दोन-तीन महिन्यांनी वही दाखवा

आकडे सुधारले म्हणून गोळी स्वतःहून अर्धी करू नका. वरचा आकडा वारंवार ११० च्या खाली येत असेल किंवा उभं राहताना गरगरत असेल तर मात्र लवकर जा, गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं. आणि मनापासून व्यायाम करूनही आकडा हलत नसेल, तर गुडघ्यांसाठी किंवा कंबरेसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी डॉक्टरांना आठवणीनं दाखवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात, बीपी चढवतात आणि बीपीच्या औषधाचा परिणामही कमी करतात. चालायला लागल्यावर गुडघे दुखतात म्हणून हीच गोळी रोज घेणारे बरेच आहेत. तिच्या ऐवजी काय घ्यायचं, ते त्याच भेटीत विचारून घ्या.