सगळ्यांचं टेन्शन स्वतःच्या डोक्यावर घेणारं पोरगं घरात असेल तर

प्रत्येक वर्गात एक पोरगी असते, कधीकधी पोरगा पण, जिच्याकडे सगळे रडायला जातात. घरचे कौतुकाने सांगतात, आमची फार समजूतदार आहे हो. आहेच, पण याच मुलांकडे जरा जास्त लक्ष ठेवा असं माझं म्हणणं आहे.

दुसऱ्याला लागलं की आपल्याला पण कळ येते ना, तेव्हा मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग कामाला लागतात, आणि स्वतःला दुखलं तरी हेच. मेंदूवर संशोधन करणाऱ्या टानिया सिंगरच्या टीमने २००४ मध्ये जोडप्यांमधल्या बायकांचे मेंदूचे स्कॅन करून हे दाखवलं. आता टीनएजमध्ये भावना फुल स्पीडने पळतात आणि आवर घालणारा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पार पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो, त्यामुळे "हे दुःख तिचं आहे, माझं नाही" एवढं वेगळं करणं पोरांना जड जातं.

त्यात भर म्हणजे तोच तो विषय उगाळणं. तो असं का म्हणाला, मग ती काय म्हणाली, रात्री एक वाजेपर्यंत तेच. अमेरिकेत अमांडा रोझ यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं की अशा उगाळण्याने मुलामुलींची मैत्री घट्ट होते, पण मुलींमध्ये पुढे डिप्रेशनची लक्षणं पण वाढतात. म्हणूनच ते चटकन सुटत नाही, मैत्री खरंच वाढत असते.

मग करायचं काय? "तुला काय करायचंय तिच्या भानगडीत" हे वाक्य आधी बंद करा. एकदा म्हणालात की पुढच्या वेळी तुम्ही खोलीत आलात की फोन उलटा ठेवला जाईल, बस. त्यापेक्षा गाडीवर जाताना किंवा भाजी निवडताना, म्हणजे समोरासमोर बसून चौकशी नको, सहज विचारा, "ती हे सगळं सांगते तेव्हा तुला कसं होतं गं?" आणि मग गप्प बसा. उपाय सांगायची घाई नको, आपल्याला तीच सवय असते.

दुसरं, ऐकण्याचं करण्यात रूपांतर करायला शिकवा. २०१४ मध्ये एव्हा टेल्झर यांनी १५-१६ वर्षांच्या मुलांचे स्कॅन घेतले, घरच्यांसाठी पैसे देताना ज्यांच्या मेंदूतला आनंदाचा भाग जास्त चमकला त्यांची डिप्रेशनची लक्षणं वर्षभरात कमी झाली. (म्हणून लगेच पोरांना भांडी घासायला लावू नका, तो मुद्दा नाहीये!) मैत्रिणीला नोट्स नेऊन दे, तिच्यासोबत क्लासला चालत जा, तिच्या ताईशी बोल, असं काहीतरी एक ठरलं की त्या दिवसापुरता विषय बंद.

रात्री फोन तर खोलीबाहेरच हवा, या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पोरांना नाही म्हणता येत नाही, मग वाईटपणा तुम्ही घ्या. "आई फोन काढून घेतेय, उद्या मधल्या सुट्टीत बोलू" असा मेसेज टाकू दे, आईच्या नावाने खपून जातं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवा. कोणी जीव द्यायचं बोललं तर ते सिक्रेट राहत नाही, शप्पथ घातली असली तरी लगेच मोठ्यांना सांगायचं.

आणि स्वतःच्या पोराचं काय? या वयात डिप्रेशन बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीत दिसतं, म्हणून "अंगात मस्ती आलीय" म्हणून सोडून दिलं जातं. दोन आठवडे जवळजवळ रोज मूड खराब, आवडीचं काही नको, झोप-जेवण बिघडलंय, मार्क घसरलेत, तर डॉक्टरला दाखवा. मरायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, घरातली औषधं, फिनाईल, कीटकनाशक लपवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आईबापांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्याच तर "आता बरी दिसतेय" म्हणून मनाने बंद करू नका, सुरुवातीच्या आठवड्यांत तर उलट जास्त लक्ष ठेवा आणि काही वेगळं वाटलं तर डॉक्टरला लगेच फोन करा.