सोशल रोबो बनवताय? या चुका टाळा

सोशल रोबो म्हणजे माणसांना सोबत करणारा, त्यांच्याशी वागणारा-बोलणारा रोबो. पहिली चूक कागदावर चित्र काढतानाच होते: रोबोला माणसासारखा करायचा. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ घडवला, तो सीलच्या पिल्लासारखा. कुत्री-मांजरं सगळ्यांच्या घरात, अंगणात वावरलेली असतात, त्यामुळे नकली मांजर माणूस लगेच ओळखतो आणि मग नुसत्या चुका काढत बसतो. सीलचं पिल्लू मात्र कुणीच मांडीवर घेतलेलं नसतं, मग तुलना कशाशी करणार? पारोचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास. तो एक शब्दही बोलत नाही. हात फिरवला की हलतो, डोळे मिटतो, पिल्लासारखा आवाज करतो. २००९ साली अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी तो आजही वापरला जातो.

याउलट ‘पेपर’ हा माणसासारखा रोबो. उंची १२० सेंटीमीटर, पाच बोटांचे हात, छातीवर टॅबलेट. हात दिसले की माणूस म्हणणारच, ‘जरा ती बाटली दे.’ ते त्याला जमत नाही. २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. कारणं बरीच असतील, पण माझ्या मते जे जमणार नाही त्याचा अवयवच लावू नये.

आता बोलणाऱ्या रोबोंकडे वळू. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो उशिरामुळे. दोन माणसांच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. रोबो मात्र आवाज सर्व्हरकडे पाठवतो आणि उत्तर यायला दोन-तीन सेकंद जातात. आमच्या एका नमुन्याची चाचणी चालू होती. आजींनी विचारलं, “जेवलास का रे?” रोबो गप्प. आजी सुनेकडे वळून म्हणाल्या, “बहिरा आहे का गं हा?” नेमका तेव्हाच रोबो बोलायला लागला आणि पुढचं सगळं बोलणं एकमेकांवर आदळत राहिलं. आम्ही सर्व्हर बदलला नाही, मान बदलली. समोरच्याचं वाक्य संपताक्षणी रोबो तिकडे वळतो आणि बारीकसं ‘हं’ म्हणतो. उत्तर तेवढ्याच उशिरा येतं, पण आजी वाट बघतात.

रोबो स्वतःशीच बोलत सुटला तर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतोय. इको कॅन्सलेशन, म्हणजे रोबोचा स्वतःचा आवाज माइकमधून गाळणारी सोय, तपासा. मध्येच भलतंच काही ऐकत असेल तर माइक पंख्यापासून किंवा मानेच्या मोटरपासून लांब न्या. आणि चाचणी प्रयोगशाळेतल्या शांततेत नको. टीव्हीवर मालिका आणि आत कुकरच्या शिट्ट्या चालू असताना करा.

रोबोवर लोकांचा भरवसा कमी पडतो ही तक्रार सगळेच करतात. जास्त झाला तर? २०१६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या प्रयोगात खोटा धूर करून आगीचा देखावा उभा केला होता. २६ पैकी २६ जण बाहेरची वाट दाखवणाऱ्या रोबोच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी थोड्याच वेळापूर्वी त्याच रोबोला वाट चुकताना पाहिलं होतं! म्हणून गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या रोबोला ‘मला नक्की माहीत नाही, डब्यात बघा’ हे वाक्य आधी शिकवा. विनोद नंतर.

शेवटची चूक विक्रीनंतर उघडी पडते. कंपनी बंद पडली की सर्व्हर बंद आणि सर्व्हरवर जगणारा रोबो मुका. २०१९ मध्ये ‘जिबो’ या घरगुती रोबोने सर्व्हर बंद होणार म्हणून मालकांचा स्वतःच निरोप घेतला. २०२४ च्या डिसेंबरात मुलांसाठीच्या ‘मॉक्सी’ची कंपनी बुडाली आणि ‘तो आता बोलणार नाही’ हे पोरांना सांगायची पाळी आईबापांवर आली. इंटरनेट नसतानाही हाक मारली की वळणं, हसणं, नावाने ओळखणं एवढं तरी रोबोच्या आतल्या चिपवर चाललं पाहिजे.

सोनीने जुन्या ‘आयबो’ या रोबो-कुत्र्यांची दुरुस्ती २०१४ मध्ये थांबवली. त्यानंतर जपानमधल्या चिबा भागातल्या एका मंदिरात त्यांचे अंत्यविधी होऊ लागले. ओळीने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. विधी आटोपला की त्यांचे सुटे भाग दुसऱ्या बिघडलेल्या आयबोंना बसवतात.