डायलिसिस चालू असताना साखर, चरबी आणि पोटाचा घेर : या चुका टाळा

फायलीत 'मेटाबॉलिक सिंड्रोम' (पोटाचा घेर, साखर, चरबी, रक्तदाब एकत्र बिघडणं) लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारते, कंबर मोजली कधी? पोटाच्या डायलिसिसवाल्याच्या (ज्याचं रक्त पोटात नळीने द्रव सोडून साफ करतात) पोटात ते दोन लिटर पाणी असताना टेप लावली, तर घेर जास्तच भरणार. पोट रिकामं करून मोजा. मशीनवाल्यांची डायलिसिस झाल्यावर मोजा.

माझं खरं भांडण आहे ते पोटात सोडायच्या द्रवाच्या जास्त टक्क्याच्या पिशवीशी. टक्के म्हणजे त्यातली साखर, डेक्स्ट्रोज; ती जितकी जास्त, तितकं जास्त पाणी अंगातून खेचलं जातं. एका काकांचं मीठ सुटेना, त्यामुळे पाणीही सुटेना, पायावर सूज. घरच्यांनी शॉर्टकट काढला: न विचारता रोज 4.25 टक्क्यांच्या दोन पिशव्या. सूज उतरली, सगळे खूश. काही महिन्यांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 400च्या पुढे, इन्सुलिनचा डोस वाढलेला, आणि आळ काकांवर, की चोरून गोड खातात. काकूंनी डबे कुलपात ठेवले होते! मी पिशवीवरचा आकडा दाखवला. दोन लिटरच्या त्या पिशवीत 85 ग्रॅम डेक्स्ट्रोज असतं, 1.5 टक्क्यांच्या पिशवीत 30. तासन्‌तास पोटात राहिली की त्यातलं निम्म्याहून जास्त रक्तात जातं. काकांचं गोड पिशवीतूनच येत होतं. तेव्हापासून कुठली पिशवी किती वेळा, हे मी वहीत लिहायला लावते. कंटाळा करणाऱ्यांना ओरडते.

डॉक्टरांनी काकांची रात्रीची पिशवी आयकोडेक्स्ट्रिनची (डेक्स्ट्रोजऐवजी वेगळा पदार्थ असलेली) केली, तर तिथे दुसराच खड्डा. ती शरीरात गेली की माल्टोज तयार होतं, आणि काही ग्लुकोमीटर त्यालाच साखर समजतात. आकडा फुगलेला दिसतो, माणूस घाईने इन्सुलिन टोचतो आणि खरी साखर पार खाली जाते. आपल्या मीटरच्या पट्ट्या माल्टोजला फसतात का, हे आधी विचारून घ्या.

'एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6 आली, साखर झकास!' थांबा. डायलिसिसवर लाल पेशी लवकर मरतात, एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनने नव्या येतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. मी बोट टोचून केलेल्या नोंदी बघते.

चरबीच्या तपासणीचं रक्त मशीनला जोडण्याआधीच द्या. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन अंगात गेल्यावर ट्रायग्लिसराइडचा आकडा बिघडतो.

महिन्यात दहा किलो उतरवायला निघालेल्यांना मी हात जोडते. चरबीबरोबर स्नायूही जातात. डायलिसिसवर रोज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, तिथे उपाशी राहून कसं भागणार?

आणि कपाटातली साखरेची जुनी गोळी, मेटफॉर्मिन? डायलिसिसवर ती चालत नाही. आजच डॉक्टरांना दाखवा.