वापरलेले धातूचे पिंप घरच्या बिअरसाठी कसे तयार करावे

घरी बिअर करणाऱ्याला चाळीस-पन्नास बाटल्या धुण्याचा एकदा कंटाळा आला की त्याची नजर आपोआप पिंपाकडे वळते, आणि नव्याची किंमत पाहिली की जुन्याकडे. जुने पिंप घेण्यात काहीच वावगे नाही, कारण चांगले स्टेनलेस स्टील सहजासहजी खराब होत नाही. खराब होतात ती झाकणे, झडपा आणि रबरी रिंगा. त्यामुळे बाहेरच्या चकाकीवर न भाळता या तीन गोष्टींवर वेळ खर्च करावा. घरी बिअर करण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. आपल्याकडे परवानगी आहे की नाही, याची खात्री पिंप घेण्याआधीच करावी.

घरगुती वापरासाठी सर्वांत सोयीचे पिंप म्हणजे ‘कॉर्नी केग’. शीतपेयांचा घट्ट पाक साठवण्यासाठी ही पिंपे बनवली जात असत. पुढे तो पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येऊ लागला आणि रिकामी पिंपे बाजारात आली. सर्वसाधारण आकार ५ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा असतो. वरचे मोठे झाकण निघत असल्याने आत हात घालून घासता येते, हा त्याचा मोठा गुण. झाकणाच्या दोन बाजूंना दोन छोटी तोंडे असतात : एक कार्बन डायऑक्साइड वायू आत सोडण्याचे, दुसरे बिअर बाहेर काढण्याचे. या तोंडांना नळ्यांचे जोड कसे अडकतात त्यावरून ‘बॉल लॉक’ आणि ‘पिन लॉक’ असे दोन प्रकार असून एकाचे जोड दुसऱ्याला बसत नाहीत, म्हणून सगळी पिंपे एकाच प्रकारची घ्यावीत.

बिअर कारखान्यांची मोठी, एकाच तोंडाची पिंपेही जुन्या बाजारात दिसतात. त्यांच्याबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक तर ती बहुधा कारखान्याच्या मालकीचीच असतात. ग्राहकाने केवळ अनामत भरलेली असते, त्यामुळे मालकीची शहानिशा झाल्याशिवाय असे पिंप विकत घेऊ नये. दुसरे म्हणजे, तोंडातली लांब नळी दाब शिल्लक असताना सोडवली तर ती गोळीसारखी उसळते आणि जीवही घेऊ शकते. रसायनांचे, तेलाचे किंवा रंगाचे पिंप तर कितीही धुतले तरी वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेले पिंपही नको, कारण बिअर आम्लधर्मी असते आणि आम्लात जस्त विरघळते.

पिंप निवडताना झाकण काढून आत बॅटरीचा प्रकाश टाकावा. बाहेरचे किरकोळ पोचे चालतात. झाकण बसते त्या कडेवरचा पोचा मात्र चालत नाही, कारण तेथून वायू गळतच राहतो. आतल्या तळाशी आणि सांध्यांवर बोट फिरवावे. तपकिरी डाग घासून निघतात, पण नखाला अडकणारे बारीक खड्डे दिसले तर ते पिंप सोडून द्यावे, कारण अशा खड्ड्यांत जंतू दडून बसतात आणि तेथे जंतुनाशक पोहोचत नाही.

पिंप घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे आतला दाब सोडणे. झाकणावरची सुरक्षा झडप ओढावी. तशी झडप नसेल तर वायूच्या तोंडातला मधला खिळा पेचकसाने दाबावा आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत कशालाही पाना लावू नये. मग दोन्ही तोंडे उघडावीत. वायूच्या तोंडाखाली आखूड नळी असते, तर बिअरच्या तोंडाखालची नळी तळापर्यंत जाते. बॉल लॉकमध्ये वायूच्या तोंडाच्या षट्कोनी बुडाशी बारीक खाचा असतात. सुटे भाग काढतानाच दोन वेगळ्या वाट्यांत ठेवावेत, कारण तोंडांची अदलाबदल झाली तर वायूचा जोड चुकीच्या तोंडावर असा अडकून बसतो की तो काढताना घाम फुटतो.

रबरी रिंगा एकूण पाच असतात : झाकणाची मोठी एक, तोंडांवरच्या दोन आणि नळ्यांच्या गळ्याशी असलेल्या दोन. पाकाचा वास स्टीलला नव्हे, या रबराला धरून राहतो. पहिल्या पिंपाच्या वेळी मी चार रिंगा बदलल्या आणि लांब नळीच्या गळ्यातली पाचवी काळी रिंग तिथलाच भाग समजून तशीच ठेवली. परिणामी १८ लिटर फिक्या बिअरला संत्र्याच्या सरबताचा वास आला. पाचही रिंगा नव्या घालाव्यात आणि त्यांना खाद्यपदार्थांसाठी चालणारे वंगण लावावे.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट सुमारे ६० अंशांच्या गरम पाण्यात विरघळवून पिंप काठोकाठ भरावे आणि काही तास ठेवावे. या काळात झाकण घट्ट लावू नये, कारण द्रावणातून ऑक्सिजन सुटून आत दाब वाढतो. लांब नळी आतून बारीक ब्रशने घासावी. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि लोखंडी काथ्या पिंपाजवळही आणू नयेत; ब्लीचने स्टीलला खड्डे पडतात आणि काथ्याचे तुटलेले कण गंजतात.

पुन्हा जोडलेल्या पिंपाची गळती तपासल्याशिवाय त्यात बिअर भरू नये. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड २० अंश तापमानाला सुमारे ५७ बार दाबाखाली असतो, त्यामुळे तो रेग्युलेटरशिवाय, म्हणजे दाब कमी करून देणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही जोडू नये. रेग्युलेटर ३० पीएसआयवर (दाबाचे दुसरे एकक; ३० पीएसआय म्हणजे सुमारे २ बार) ठेवून पिंपात वायू सोडावा आणि झाकणाच्या कडेवर, दोन्ही तोंडांवर व सुरक्षा झडपेवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा फुगला की तेथेच गळती. झाकणाशी असेल तर दाब सोडून झाकण थोडे फिरवून पुन्हा बसवावे. जुनी झाकणे एखाद्याच कोनात नीट बसतात. हे काम हवेशीर जागेत करावे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असून बंद खोलीत जमिनीलगत साचतो.

शेवटी पिंप नंतर पाण्याने धुवावे न लागणाऱ्या जंतुनाशकाने पूर्ण भरून ते वायूच्या दाबाने बिअरच्या तोंडातून बाहेर काढावे, म्हणजे आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड राहतो. आंबणे पूर्ण झालेली बिअर त्यात नळीने तळापासून हलकेच सोडावी आणि वायूची आखूड नळी बुडणार नाही इतकी जागा वर ठेवावी. ४ अंश तापमानाला १२ पीएसआय दाब दिल्यास साधारण आठ-दहा दिवसांत पुरेसा फेस धरतो.

पिंप रिकामे झाले की लगेच धुऊन, जंतुनाशक फिरवून, थोडासा वायू भरून बंद करावे. महिन्याने झडप ओढल्यावर फुस्स आवाज आला तर रिंगा शाबूत आहेत. काहीच आवाज आला नाही तर साबणाचे पाणी पुन्हा काढावे.