पहिल्या एमयूएनला निघालाय? मग हे वाचून जा

एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स. पोरं एकेका देशाचे डेलिगेट होऊन बसतात आणि खऱ्या यूएनसारखी चर्चा, भांडणं, मतदान सगळं करतात. कोल्हापुरातनं पहिल्यांदा पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांना धास्ती एकाच गोष्टीची असते, इंग्लिश. ती सोडा. फाडफाड बोलणारे लई असतात, पण एक उलटा प्रश्न आला की निम्मे गार पडतात.

देश मिळाला की आधी एवढंच शोधा, त्याला नेमकं काय पाहिजे आणि कशाला तो मेला तरी हो म्हणणार नाही. मला आलेला इथिओपिया, विषय नाईलवरचं त्यांचं मोठं धरण. आता 2019 च्या महापुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी, तेव्हापासनं मी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडणारा माणूस, आणि तिथं सूट घालून धरणाची बाजू घ्यायची! पण वाचल्यावर कळलं, प्रकरण उलटं आहे, आपल्याला पाणी तुंबायची भीती, इजिप्तला कमी यायची. इजिप्त 1959 चा करार काढणार, त्यात वर्षाला 55.5 अब्ज घनमीटर पाणी त्यांचं. तुम्ही म्हणायचं, करार इजिप्त आणि सुदानचा, आम्हाला विचारलं कुणी? मग ह्याच धरणावरचं 2015 चं खार्टूमचं डिक्लरेशन, त्यावर इथिओपिया, इजिप्त, सुदान तिघांच्या सह्या आहेत. एवढं पाठ असलं की कुणी कितीबी पॉइंट ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे भाषणावरचे प्रश्न, टाकू दे. आणि पुरावा म्हणून विकिपीडिया दाखवू नका, वाचा खुशाल, पण दाखवायला यूएनचा रिपोर्ट नाहीतर सरकारी निवेदन.

स्पीकर्स लिस्टमध्ये नाव लवकर द्या, भाषण वेळ लावून घरी म्हणून बघा, बास.

खरा खेळ अनमॉडरेटेड कॉकसमध्ये. सगळे खुर्च्या सोडून घोळके करतात, तिथं तालमीच्या कट्ट्यावर वाढलेल्या पोराला काय शिकवायचं? त्याआधीच चिठ्ठी सोडून ठेवा. मी युगांडाला लिहिलेलं, 'तुम्हीपण नाईलच्या वरच्या बाजूचे, धरण भरायच्या वेळापत्रकावर ठरावाचा एक क्लॉज लिहितोय, येताय का?' तो आला, येताना टांझानियालाही घेऊन आला. टायपिंगचा लॅपटॉप आपल्याकडं ठेवा, कारण टाईप करणाऱ्याचेच शब्द रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे ठरावात, राहतात. ठरावाच्या ड्राफ्टवर दुसऱ्या देशांकडं सिग्नेटरीची सही मागताना घाबरू नका, सही म्हणजे पाठिंबा नव्हे, ड्राफ्ट चर्चेला यावा एवढंच.

सिक्युरिटी कौन्सिल मिळाली तर 15 पैकी 9 मतं लागतात, आणि पाच कायमच्या मेंबरांतल्या एकानं जरी नकार दिला की ठराव बोंबलला, म्हणून त्या पाचांना आधी गाठा.

एक चूक माझी ऐका. हजेरीला रुबाबात 'प्रेझेंट अँड व्होटिंग' म्हणालो. तसं म्हटलं की ठरावावर तटस्थ राहता येत नाही. शेवटी समोर दुसऱ्या गटाचा ठराव, निम्मा आमच्या सोयीचा, निम्मा इजिप्तच्या, आणि चेअर, म्हणजे सभा चालवणारी पोरगी, माझ्याकडं बघत बसलेली, येस की नो?